आईला अल्झायमर झाला, म्हणजे मलाही होणारच का? जनुकांच्या संशोधनातून काही उपाय निघतोय का?

नाही, होणारच असं अजिबात नाही. पासष्टीनंतरचा अल्झायमर सहसा एकाच जनुकामुळे होत नाही. एपीओई नावाच्या जनुकाचा एपीओई-४ हा प्रकार अंगात असला तर धोका वाढतो, पण तो असूनही अनेकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते.

थेट वारशाने येणारा प्रकार दुर्मिळ. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात काही कुटुंबांत पीएसईएन-१ जनुकातल्या एका बदलामुळे ऐन चाळिशीत विसर पडायला लागतो. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी या कुटुंबांसाठी आयुष्य वेचलं. त्यातल्याच एका बाईंकडे तो घातक बदल होता, तरी सत्तरी येईपर्यंत त्यांचं डोकं ठणठणीत! अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या दोन प्रथिनांपैकी अमायलॉइड भरपूर साचलेलं, पण टाऊ अगदी कमी. याचं कारण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं: त्याच एपीओई जनुकाच्या एपीओई-३ या प्रकारातला 'ख्राइस्टचर्च' नावाचा दुर्मिळ बदल, आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. पुढे २०२४ मध्ये त्याच कुटुंबांतल्या, या बदलाची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा अभ्यास आला. त्यांच्यात आजार सुमारे पाच वर्षं उशिरा सुरू झाला होता. पाच वर्षं! घरात हे दुखणं पाहिलेल्यालाच त्याची किंमत कळेल.

या बदलाच्या परिणामाची नक्कल करणारी अँटिबॉडी (प्रतिपिंड) उंदरांवर तपासली गेली आहे. माणसांसाठीचं औषध अजून दूर आहे. लेकानेमॅब हे अमायलॉइड हटवणारं औषध आजाराचा वेग थोडा कमी करतं, मात्र एपीओई-४च्या दोन प्रती असलेल्यांना त्यातून मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका जास्त.

आईंना साठीच्या आत सुरुवात झाली असेल, तर जनुकीय समुपदेशकाला जरूर भेटा.