बीएस्सी जेनेटिक्सनंतर पुढं काय? पलूसच्या दादांना उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बीएस्सी जेनेटिक्सच्या, म्हणजे आनुवंशशास्त्राच्या, शेवटच्या वर्षाला. पाहुणे विचारतायत, "शिकून डॉक्टर होणार का?" मेव्हणे म्हणतायत, बीएड करून टाका. तुम्हाला वाटतं शिक्षण वाया जाऊ नये आणि जमलं तर नोकरी सांगली-साताऱ्याच्या टापूतच मिळावी. मी तासगाव तालुक्यातली. याच विषयात एमएस्सी केलं, आधी बियाणं कंपनी आणि मग पुण्यातली तपासणी लॅब असं करत सतराएक वर्षं काढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कडू ते सांगते. नुसत्या बीएस्सीवर या विषयातली नोकरी जवळपास नाही. तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबला डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा झालेलं माणूस लागतं, तिथं ही पदवी चालत नाही. औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला घेतात, पण त्या रांगेत मायक्रो आणि केमिस्ट्रीवाले आधीच उभे असतात. म्हणजे दुसरी पदवी आलीच. ती निवडताना बहुतेक मुलं उलटी चालतात. प्रवेश मिळेल ते एमएस्सी करतात आणि मग जाहिराती शोधायला बसतात.

मीही तेच केलं होतं. एमएस्सी झाल्यावर पीक पैदाशीच्या एका केंद्रात संशोधन सहायकाची जागा निघाली. पहाटेच्या एसटीनं गेले, मार्कलिस्टांची फाईल छातीशी धरून. कागद तपासणाऱ्या साहेबांनी पाच मिनिटांत फाईल परत दिली. "एमएस्सी ॲग्री लागतं हो, तुमचं सायन्सचं आहे." मेंडेलचे नियम मला झोपेतही पाठ होते, पण कागदावर 'कृषी' हा शब्द नव्हता. चूक त्यांची नव्हती, जाहिरातीत तसं छापलेलंच होतं. राग आला तो मला एमएस्सीला बसवताना हे कुणीच बोललं नाही याचा. तर तुमच्या मुलीला सांगा, आधी आवडीच्या कामाच्या दहा जाहिराती काढ, त्यांतली शैक्षणिक पात्रतेची ओळ वाच, मग एमएस्सी ठरव.

हे इतकं ताणून सांगते, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत जेनेटिक्स आहे ते बहुतेक शेतात आणि गोठ्यात. तुमच्याकडं सोयाबीन असेल तर 'केडीएस ७२६' म्हणजे फुले संगम माहीतच असेल. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. सांगलीला लागून असलेल्या डिग्रजच्या केंद्राचं हे वाण, शेतकरी रोज नाव घेतात पण त्यातलं गाव कुणाच्या लक्षात येत नाही. फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे, फुले २६५ तिथला. ८६०३२ या उसाच्या आधी लागणारा 'को' मात्र कोइमतूरचा, आणि पहिले दोन आकडे सालाचे. महाबळेश्वरच्या थंड, ओल्या हवेत गव्हाचा तांबेरा चांगला पोसतो, म्हणून तांबेऱ्याचं संशोधन केंद्र तिथं आहे. कुठला गहू तांबेऱ्याला दाद देत नाही हे तिथं कळतं.

आणि फलटणचं एक काम तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं लहान, पण जुळी-तिळी देते, आणि त्यामागं एकच जनुक आहे, फेकबी नावाचं. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ते जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. यातली खरी अडचण ऐका. जुळी होण्याचा गुण मादीत दिसतो, पण पुढच्या पिढ्यांत तो भराभर पसरवतो नर. आणि नराकडं बघून त्याच्यात जनुक आहे की नाही हे कसं कळणार? म्हणून रक्ताचा थेंब घेऊन डीएनए तपासायचा आणि कुठला मेंढा ठेवायचा ते ठरवायचं. मेंढपाळाच्या वाड्यावर आणि लॅबमध्ये एकाच वेळी चालणारं असं काम मी दुसरं पाहिलं नाही.

आता नोकरीची दारं. कृषी विद्यापीठांच्या केंद्रांतल्या कायम जागांना आणि एमपीएससीच्या कृषी सेवेला कृषी शाखेची पदवी लागते, हे गृहीतच धरा. सायन्सवाल्यांना तिथं प्रकल्पापुरती जागा मिळते, प्रकल्प संपला की घरी. बियाणं कंपन्या मात्र एवढ्या सोवळ्या नाहीत. जालना आणि हैदराबादला त्यांच्या मार्कर लॅब, म्हणजे डीएनएतल्या खुणांवरून वाण ओळखणाऱ्या लॅब, आहेत. पूर्वी संकरित बियाण्याची शुद्धता बघायची तर बी पेरून झाड वाढेपर्यंत थांबावं लागायचं. आता कोवळ्या पानाचा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, पीसीआर लावायचा, म्हणजे त्यातल्या हव्या तुकड्याच्या ढीगभर प्रती करायच्या, थोड्या दिवसांत उत्तर. मी चार वर्षं हेच केलं, दिवसाला शेकडो पानं. कंटाळवाणं काम आहे हे खरं, पण हात असा बसतो की पुढं कुठंही उपाशी राहत नाही. शिवाय मार्च २०२२ मध्ये केंद्रानं बाहेरचं जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाचे, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच डीएनएत नेमका बदल करण्याचे, नियम सैल केले, आणि मे २०२५ मध्ये अशा भाताची दोन वाणं जाहीर झाली. त्यामुळं या लॅबना माणसं लागत राहणार असं मला वाटतं.

मुलीला माणसांत रमायला आवडत असेल तर जेनेटिक काउन्सेलिंग हे काम नीट समजून घ्या. यासाठी एमबीबीएस लागत नाही, जेनेटिक काउन्सेलिंगचं वेगळं एमएस्सी असतं, मणिपालला आहे. आजार घराण्यात आहे म्हणून घाबरलेलं जोडपं समोर बसतं. त्यांची तीन पिढ्यांची वंशावळ काढायची, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न हे आजही नवल नाही, त्यामुळं ही दुहेरी रेघ मी पुण्यात बसून आपल्याच भागातल्या माणसांसाठी किती वेळा ओढली असेल! अशा जोडप्यात दोघांकडं एकच सदोष जनुक लपलेलं असण्याची शक्यता वाढते. तसं निघालं तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. 'चारात एक' म्हणजे पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप, असं नव्हे, हे सासूबाईंना पटेल अशा मराठीत सांगता आलं पाहिजे. इंग्रजी रिपोर्ट सगळेच वाचतात. तिथं आपल्या गावाकडची पोर उजवी ठरते. जागा मात्र पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आणि लॅबमध्ये, सांगली-मिरजेत अजून तुरळक.

एक गोष्ट बजावून सांगा. गर्भाच्या तपासणीशी संबंध येईल तिथं १९९४ चा गर्भलिंग निदानाचा कायदा लागू होतो. मुलगा की मुलगी हे खुणेनंही सांगितलं तर पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. लॅबमधल्या नवख्या पोरांकडं लोक पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, "फक्त एवढं सांगा" म्हणत. पुडा परत द्यायचा.

बाकीचं थोडक्यात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत डीएनए विभाग असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणं टप्प्याटप्प्यानं बंधनकारक केलंय, त्यामुळं तिकडं भरती वाढेल असा माझा अंदाज. मुलगी गणिताला घाबरत नसेल तर बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे डीएनएची माहिती संगणकावर तपासायचं काम, बघा. माणसाचा जीनोम सुमारे तीन अब्ज अक्षरांचा, जीनोम इंडिया प्रकल्पात अशा दहा हजार भारतीयांचा वाचून झाला. तो डोळ्यांनी वाचायला कोण बसणार? लिनक्स, पायथन, आर एवढं घरी बसून शिकता येतं, सरावाचा डेटाही फुकट मिळतो. घरातून काम करता येण्याची शक्यता असलेली ही एकच वाट, तुमच्या 'जवळची नोकरी' या अटीत बसेल तर हीच.

मेव्हण्यांच्या बीएडबद्दल. वाईट नाही, पण शाळेत जेनेटिक्सला स्वतंत्र जागा नसते, जीवशास्त्र शिकवावं लागतं. कॉलेजात शिकवायचं तर एमएस्सी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. त्यानंतरही बऱ्याच जणांची वर्षं तासिका तत्त्वावर जातात, ते आपल्या जिल्ह्यांतल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दिसेल. पीएचडीची ओढ असेल तर सीएसआयआर नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवायची, महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. शिकताना हातात पैसे पडले की लग्नाचा विषयही दोन वर्षं मागं ढकलता येतो, हे अनुभवावरून सांगते.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पेपर बायोटेक्नॉलॉजीचा, परीक्षा फेब्रुवारीत आणि फॉर्म सप्टेंबरच्या आसपास. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या अनुदानावरचे अभ्यासक्रम गॅट-बी या प्रवेश परीक्षेतून. दोन्ही भरा. तिला ओबीसी आरक्षण लागू असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला वेगळा काढावा लागतो, राज्याचा तिथं चालत नाही. माझ्या भाचीचा प्रवेश याच कागदावर अडकला होता. तहसीलला या आठवड्यातच अर्ज टाका, निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.