आधार कार्डाचा फोटो पाहून ओळख पटते का?

प्रश्न : मी घरून व्हॉट्सॲपवर सोलापुरी चादरी आणि टॉवेल विकते. परगावच्या एका ग्राहकाने ४० टॉवेलांची ऑर्डर दिली आहे. आपण लष्करात असल्याचे सांगून त्याने विश्वासासाठी स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो पाठवला आणि माझ्याही आधारचा फोटो मागितला. आगाऊ रकमेसाठी तो एक क्यूआर कोड पाठवणार असून तो मी स्कॅन करावा, असे तो म्हणतो. नकार दिला तर ऑर्डर हातची जाईल. काय करावे?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आधारचा फोटो पाठवू नये आणि तो कोड मुळीच स्कॅन करू नये. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेणाऱ्याला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो.

आता ओळखीविषयी. आधारवरील क्यूआर कोड आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ॲपने वाचून कार्डावरील मजकूर बदललेला आहे का, हे पडताळता येते. परंतु खऱ्या कार्डाचा फोटो भलत्याच माणसाने पाठवला असेल, तर ही पडताळणीही उपयोगाची नाही. लष्करी जवान असल्याची बतावणी करून विक्रेत्यांना फसवण्याचा प्रकार जुनाच आहे. आपण आपले कार्ड पाठवले, तर उद्या तेच कार्ड दुसऱ्या एखाद्या विक्रेत्यापुढे ‘विश्वासासाठी’ ठेवले जाऊ शकते.

खरे पाहता या व्यवहारात त्याचे आधार आपल्याला हवेच कशाला? चाटी गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाइकाकडे कोणी ओळखपत्र मागत नाही. आपण आपला क्यूआर कोड त्याला पाठवावा, रक्कम जमा झाल्याचे स्वतःच्या बँक खात्यात पाहावे (त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नये) आणि मगच पार्सल रवाना करावे. पैसे भरताना बँकेत नोंदलेले आपले नाव त्याला मोबाइलवर दिसतेच. ग्राहक म्हणून त्याला याहून अधिक माहितीची गरज नाही. एवढ्यावरही तो आधारचाच हट्ट धरत असेल, तर त्याला टॉवेल नको आहेत असे समजावे.

एखाद्या संस्थेला आधार देणे खरोखरच आवश्यक असेल, तेव्हा १२ पैकी शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ चालते का, ते आधी विचारावे. फोटो यापूर्वीच पाठवला असल्यास प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करावे. खात्यातून रक्कम गेली असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे.