वाचक विचारतात : बोनेटखालचं वायरिंग आड कसं न्यावं?

बोनेट उघडल्यावर इंजिन दिसावं, वायरींचं जंजाळ दिसू नये, या कामाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागचं धोरण एकच आहे. वायरची लांबण खुशाल लपवा, पण जोड, कपलर, फ्यूज आणि अर्थ हाताला लागतील अशाच जागी ठेवा. वायर मधेच बिघडते ती क्वचित. बहुतेक बिघाड टोकांशी होतात. टोक आड गेलं, तर पुढे प्रत्येक दुरुस्तीला निम्मी गाडी उघडावी लागते.

प्रश्न : गाडी चार सिलिंडरची, इंजेक्शनवाली आहे. रंगकामासाठी इंजिन बाहेर काढणार आहे, तेव्हाच हार्नेस, म्हणजे वायरींचं एकत्र गुंडाळलेलं जुडगं, आड न्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?

इंजिन जागेवर असतानाच करा. रिकाम्या जागेत सगळेच रस्ते सोपे वाटतात; इंजिन परत बसलं की एक फाटा मॅनिफोल्डला टेकतो आणि दुसरा दोन बोटं कमी पडतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्रत्येक कपलरच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून एकच क्रमांक लिहा. वायरीच्या बाजूवर लिहिलं आणि सेन्सरच्या बाजूवर राहिलं, तर एकसारखे दोन कपलर अदलाबदल होतात. मग साधी सुतळी घ्या आणि नव्या रस्त्याने, म्हणजे फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून) फेंडरच्या आतून पुढे, ती प्रत्यक्ष फिरवा. जिथे फाटा फुटेल तिथे सुतळीवर टेपची खूण करा. बॉडीवरून इंजिनवर जाणाऱ्या प्रत्येक फाट्याला किमान 5 सेंटिमीटर ढील धरा, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि ताणलेली वायर आधी पिनेपाशी तुटते.

हार्नेस बाहेर काढल्यावर जुनी टेप ब्लेडने चिरत जाऊ नका, उलगडत जा. आत कंपनीने केलेले जोड असतात. इंजेक्टरच्या चारही पॉझिटिव्ह वायरी बरेचदा आतच एकत्र येतात. ते जोड धड असतील तर हात लावू नका. कापण्याआधी प्रत्येक वायरीला एक प्रश्न विचारा: कपलरमधून पिन काढून नुसता रस्ता बदलला तर भागेल का? कपलरचं दुसरं लॉक आधी सोडवलं तर पिन पिन-काढणीने सहज निघते. ते न सोडवता ओढली की लॉकचं जिभाड तुटतं आणि मग ती पिन कपलरमध्ये कधीच घट्ट बसत नाही.

खिळे ठोकलेल्या फळीवर सुतळीच्या मापाने हार्नेस मांडा. दर 10 ते 15 सेंटिमीटरवर टेपचा एकच वेढा द्या आणि असाच कच्चा हार्नेस गाडीत घालून बघा. पक्की गुंडाळी त्यानंतर. त्यासाठी इंजिनच्या उष्णतेत टिकणारी कापडी हार्नेस टेप घ्या आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवा. नेहमीच्या काळ्या पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेने पातळ होऊन बाहेर येतो, टेप सुटते आणि चिकट हार्नेसवर धूळ बसते.

पिवळ्या आवरणातलं एअरबॅगचं आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतलं नारिंगी, उच्च दाबाचं वायरिंग या कामात घ्यायचंच नाही.

प्रश्न : रेडिएटर फॅनची वायर फेंडरमधून फिरवली. आता फॅन हळू फिरतो, वायर हाताला गरम लागते, पण फ्यूज उडत नाही. असं का?

वायर लांबली आणि जाडी तीच राहिली, किंवा मधला तुकडा बारीक लागला. तांब्याच्या 1 चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरमागे साधारण 18 मिलीओहम असतो, 2.5 चा साडेसात आणि 4 चा पावणेपाच. फॅन 20 अँपिअर खेचतो असं धरा. मूळची 2.5 ची वायर 1 मीटर होती, तर तिच्यात 0.15 व्होल्ट जात होते. तीच 2.5 मीटर झाली की 0.38 व्होल्ट जातात. हेही चालून जाईल. पण वाढवलेला दीड मीटरचा तुकडा 1 चौरस मिलिमीटरचा असेल, तर त्या तुकड्यातच अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतं आणि 11 वॉट उष्णता वायरीतच निघते. तुमच्या हाताला लागली ती हीच.

फ्यूज उडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही. 30 अँपिअरचा फ्यूज जाड वायरीला धरून निवडलेला होता. मधे बारीक तुकडा घातला की तो तुकडा फ्यूजच्या आधी जळू शकतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. तुकडा काढा आणि रिलेपासून फॅनपर्यंत सलग 4 चौरस मिलिमीटरची वायर टाका. परतीच्या अर्थच्या वायरीलाही हाच हिशेब लागू आहे. ती विसरली की निम्मा तोटा तसाच राहतो.

वायर गाड्यांसाठी बनवलेलीच घ्या. घरगुती फिटिंगच्या पीव्हीसी वायरीचं आवरण साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं. बोनेटखाली 105 अंशांचं तरी हवं, आणि एक्झॉस्टच्या बाजूला 125 अंशांचं क्रॉस-लिंक्ड आवरण.

प्रश्न : जोडाला डाग (सोल्डर) द्यावा की क्रिम्प करावा, म्हणजे धातूच्या नळीत वायरी घालून ती चेपावी?

क्रिम्प. डाग दिलेला जोड विजेच्या दृष्टीने उत्तम असतो, पण कथील तारांमधून जोडापलीकडे आवरणाखाली शिरतं. तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते त्या रेषेवर इंजिनची कंपनं साठत जातात आणि तारा तिथेच एकेक करून तुटतात. बाहेरून आवरण अखंड दिसतं, म्हणून हा बिघाड शोधायला अतिशय त्रासदायक.

चांगला क्रिम्प असा ओळखा. वायर 6 ते 8 मिलिमीटर सोलावी, एकही तार कापली जाऊ नये. दाबल्यावर नळीच्या दोन्ही तोंडांशी तांबं जेमतेम डोकावलं पाहिजे आणि आतल्या तारा एकमेकींवर इतक्या दाबल्या जायला हव्यात की मधे पोकळी उरणार नाही. 1 चौरस मिलिमीटरच्या जोडाने सुमारे 10 किलोची ओढ सहज सोसायला हवी. आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन जोड करून ओढून पाहा. साध्या पक्कडीने चेपलेला जोड या ओढीला बहुधा निसटतो, म्हणून वायरीच्या मापाचा जबडा असलेलं क्रिम्पिंग हत्यारच वापरा.

वर आतून गोंद असलेली, एकास तीन आकसणारी स्लीव्ह चढवा. दोन्ही बाजूंना 15 मिलिमीटर आवरण झाकलं जाऊ द्या आणि कडेला गोंदाची बारीक रेघ बाहेर येईपर्यंत गरम हवा मारा. स्लीव्ह जोड करण्याआधीच वायरीत ओवायची असते. हे विसरून केलेला जोड पुन्हा कापावा लागतो. एकाच हार्नेसमध्ये अनेक जोड असतील, तर ते एकमेकांपासून निदान 40 मिलिमीटर मागेपुढे ठेवा. नाहीतर हार्नेसला गाठ येते आणि सगळे जोड एकाच जागी घासतात.

प्रश्न : काम झाल्यापासून 3,500 आरपीएमच्या वर इंजिन झटके देतं आणि टॅकोमीटरचा काटा उडतो. त्याआधी काहीच त्रास नव्हता.

बहुधा क्रँक सेन्सरची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींसोबत एकाच जुडग्यात बांधली गेली आहे. सुबकतेच्या नादात हीच चूक सर्वांत जास्त होते. कॉइल प्रत्येक ठिणगीला शेजारच्या वायरीत झटका उमटवते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, तो क्रँक सेन्सरने मोजायच्या दातेरी चाकाचा दात वाटतो. सेन्सरची वायर कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून 10 सेंटिमीटर तरी दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

सेन्सरच्या वायरीवरची, बाहेरचे झटके अडवणारी जाळी वायर वाढवताना तुटली का, तेही पाहा. ती सलग हवी आणि फक्त एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ केलेली हवी. दोन्ही टोकं अर्थ केली तर जाळीतूनच प्रवाह वाहतो आणि गोंधळ वाढतो. सेन्सर दोन वायरींचा, चुंबकीय असेल तर त्या उलट जोडलेल्या नाहीत याचीही खात्री करा. उलट जोडणीतही सिग्नल येतो, पण ईसीयू त्याची वेळ चुकीची वाचतं.

कॅन-बसची, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन पिळलेल्या वायरींची, जोडी वाढवली असेल तर पीळ शेवटपर्यंत ठेवा. कपलरजवळ 4-5 सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. बॅटरी काढून दोन्ही वायरींमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण 60 ओहम दिसले पाहिजेत, कारण दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोध समांतर असतात. 120 दिसले तर कुठेतरी एक बाजू तुटली आहे.

प्रश्न : फेंडरच्या आतून नेताना कशापासून जपावं?

चाकापासून. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, सस्पेन्शन पूर्ण दाबलेल्या अवस्थेत टायर कुठवर येतो ते पाहा. हार्नेस त्या जागेच्या वर, फेंडरच्या वरच्या काठाला, दर 20-25 सेंटिमीटरवर रबर असलेल्या क्लिपने बांधा. नुसता केबल टाय पत्र्याच्या भोकातून ओवला की पत्र्याची कड महिनोन्महिने आवरण घासत राहते. प्लॅस्टिकचं लायनर परत बसवताना त्याचा स्क्रू हार्नेसमध्ये घुसत नाही ना, हे हात घालून तपासा.

पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड कानसीने घासा, रंग लावा आणि मगच रबरी ग्रोमेट बसवा. फायरवॉलमधून आत शिरण्याआधी हार्नेसला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, गाडीत उतरणार नाही. इंधनाच्या नळीला वायर कधीही बांधू नका.

प्रश्न : हार्नेस बदलल्यानंतर सेल्फ मारताना गाडी जड फिरते आणि अॅक्सिलरेटरची केबल गरम होते. दोन्हींचा संबंध आहे का?

थेट आहे. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी लावायची राहिली किंवा नव्या रंगावर बसली. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. जाड रस्ता बंद झाला की ते केबलच्या पोलादी तारेतून परत जातात. ती जळू शकते, म्हणून तोवर सेल्फ मारू नका.

अर्थच्या जागी रंग खरवडून उघडा पत्रा काढा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि मग वरून गंजरोधक थर द्या. क्रम उलटा करू नका. त्यानंतर मल्टिमीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावून सेल्फ मारा. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला आहे. सेन्सरची अर्थ वायर मात्र बॉडीला जोडू नका. ती ईसीयूच्या स्वतःच्या पिनेवरच गेली पाहिजे.

प्रश्न : ऑक्सिजन सेन्सरची वायर कापून, डाग देऊन वाढवली तर?

नको. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत घेतात. कथील तो मार्ग बंद करतं आणि मापन बिघडतं. सेन्सर आणि त्याची वायर जशीच्या तशी ठेवून कपलरच्या पलीकडची, हार्नेसची बाजू वाढवा. त्या कपलरमध्ये ग्रीसही भरू नका.

प्रश्न : फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली नेता येईल का?

येईल, पण बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज तिथेच, एका वितीच्या आत राहू द्या. तो आत नेला तर बॅटरीपासून फायरवॉलपर्यंतची जाड केबल पूर्ण विनासंरक्षण राहते आणि पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारं काहीच नसतं.