वाचक विचारतात: हयात कादंबरीकाराचं अभ्यासमंडळ काढायचंय

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की अमेरिकेत लेखक हयात असतानाच त्याच्या नावाने अभ्यासमंडळं निघतात. त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आलेत की आंब्याच्या पेटीचे आणि रेल्वेच्या वेटिंगचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ, यावेळचं सदर यालाच.

आमच्या तालुक्यातले एक कादंबरीकार सत्तरीच्या पुढे आहेत, अजून लिहितायत. आम्ही काही जण, दोघं कॉलेजात शिकवणारे नि बाकी नुसते वाचणारे, त्यांच्या नावाने मंडळ काढतोय. पहिला कार्यक्रम सत्काराचा ठरलाय, पण नंतर वर्षभर करायचं काय? (एक प्राध्यापिका, कुडाळ)

सत्कार करा हो, शाल-श्रीफळ द्या, पण तेवढं तर ग्रामपंचायतपण करते, त्यासाठी अभ्यासमंडळ कशाला? मंडळाचं खरं काम बरंचसं कंटाळवाणं असतं हे आधीच सांगून ठेवतो. अमेरिकन कादंबरीकारांचंच बघा, कॉर्मॅक मॅकार्थीच्या नावाची सोसायटी, म्हणजे असं अभ्यासमंडळ, निघाली १९९३ ला, टोनी मॉरिसन या लेखिकेची पण त्याच साली, फिलिप रॉथची २००२ ला, आणि तिघंही तेव्हा हयात, लिहिते. या सोसायट्या काय करतात तर जर्नल चालवतात, अमेरिकन लिटरेचर असोसिएशन म्हणून १९८९ पासून अशा सगळ्या लेखक-सोसायट्यांची मिळून एक संघटना आहे तिच्या वार्षिक अधिवेशनात आपापली सत्रं घेतात, नव्या पोरांना निबंध वाचायला लावतात, आणि आपल्या लेखकावर कुठे काय छापून आलं त्यावर नजर ठेवतात.

आपल्याकडे या शेवटच्या कामापासूनच सुरुवात करा असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे यादी. लेखकाचं पहिलं काय, कुठल्या दिवाळी अंकात आलं, कादंबरीतलं कुठलं प्रकरण आधी कथा म्हणून छापलं होतं, दुसऱ्या आवृत्तीत काय गाळलं, परीक्षणं कुणी लिहिली. ही माहिती आज फक्त लेखकाच्या डोक्यात आणि त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असते, आणि कोकणातल्या माळ्यावर कागदाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पावसाचे चार महिने बुरशी नि उरलेले आठ महिने वाळवी. घरातच कशाला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या दीडशे वर्षं जुन्या लायब्ररीची पुस्तकंसुद्धा भिजली. म्हणून मोबाईलने का होईना स्कॅन करा, प्रत्येक फाईलला अंकाचं नाव, साल, पान द्या, नाहीतर सहा महिन्यांनी आयएमजी-अमुक-तमुकचा ढिगारा उरतो, आणि एक कॉपी घाटावर कुणाकडे तरी ठेवा. मॅकार्थीचे कच्चे खर्डे टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटीने घेऊन ठेवलेत, अभ्यासक तिथे जाऊन त्याने काय खोडलं ते बघत बसतात. तुमच्या लेखकाला फक्त एवढंच सांगा, की हस्तलिखितं रद्दीत घालू नका.

लेखकालाच मंडळाचं अध्यक्ष केलं तर? मान पण राहील. (एक वाचक, देवगड)

नको. अध्यक्ष समोर बसलेला असताना त्याची तिसरी कादंबरी फसलीय हे कोण बोलणार? मग निबंध म्हणजे नुसत्या आरत्या होतात. मॅकार्थी आयुष्यभर मुलाखती टाळत आला, साहित्यिक सोहळ्यांच्या वाटेला फारसा गेला नाही, तरी सोसायटी चाललीच. रॉथची तऱ्हा वेगळी, २०१३ ला ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा नेवार्कला, म्हणजे त्याच्या जन्मगावी, त्याच्या सोसायटीने अभ्यासकांची परिषद भरवली आणि तो तिथल्या कार्यक्रमात येऊन बोलला. पण पाहुणा म्हणून. लेखकाला चहाला बोलवा, प्रश्न विचारा, रेकॉर्ड करून ठेवा, खुर्ची मात्र दुसऱ्याला द्या.

कादंबरेत मालवणी आसा, पुण्याकडच्या वाचकांक कळणा नाय म्हणतत. मंडळान अर्थ दिवचे काय? (एक वाचक, मालवण)

दिवा की! मॅकार्थीच्या कादंबऱ्यांत पानंच्या पानं स्पॅनिश संवाद येतात, तो खाली टीप देत नाही, तर त्याच्या सोसायटीने त्या संवादांची इंग्रजी भाषांतरं करून वाचकांसाठी फुकट ठेवली. पुस्तकाला हात न लावता वाचकाची सोय. तुम्ही पण पानाच्या नंबराप्रमाणे करा, फक्त कोशातून उचलू नका, मच्छीमार सोसायटीतल्या, शेतातल्या माणसांना विचारून करा, आणि शिव्या गाळू नका.

आमच्याकडे पुतळ्याचं चाललंय. जागापण बघून झालीय. (गुहागर तालुक्यातून)

हयात माणसाचा पुतळा? त्यांना विचारलंत तरी का? स्मारकाला माझा विरोध नाही, मालगुंडला केशवसुतांच्या घरी कोकण मराठी साहित्य परिषदेने केलेलं आहेच, आणि ते चांगलं आहे. पण मॉरिसनच्या सोसायटीने जे केलं ते ऐका. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या आठवणीसाठी देशात कुठे रस्त्याकडेला साधा बाकसुद्धा नाही असं ती १९८९ साली बोलली होती. सोसायटीने २००६ ला तेच काम हातात घेतलं आणि २००८ ला पहिला बाक ठेवला साऊथ कॅरोलिनात सलिव्हन्स आयलंडला, जिथे आफ्रिकेतून आणलेली माणसं हजारोंनी उतरवली गेली. त्यानंतर आणखी ठिकाणी ठेवले. म्हणजे बघा, सोसायटी लेखिकेच्या नावाची पण बाक ती ज्यांच्याविषयी लिहीत होती त्यांच्यासाठी. मला हे फार आवडलं. तुमच्या लेखकाने आगबोटीच्या दिवसांवर लिहिलंय असं पत्रात म्हणताय, मग जुन्या बंदरावर, जिथे मुंबईला जाणाऱ्यांना सोडायला अख्खं गाव यायचं, तिथे बसायला सावलीत जागा करा ना. पुतळ्यापेक्षा स्वस्त पडेल आणि म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाला येईल.

कादंबरीतल्या जागा दाखवणारी सहल काढावी का? (एक शिक्षक, दापोली)

काढा. नेवार्कमध्ये रॉथच्या कादंबऱ्यांतल्या जागा बसने फिरवून दाखवायचे. तुमच्याकडे तर कादंबरीकार श्री. ना. पेंडशांचं मुर्डी गाव दापोलीतच, ‘गारंबीचा बापू’मधल्या गारंबीची ओढ वाचकांना अजून आहे, आणि खेडला जाऊन जगबुडी नदी बघितल्याशिवाय त्यांच्याच ‘तुंबाडचे खोत’ची सहल पुरी होत नाही. (२०१८ चा ‘तुंबाड’ सिनेमा बघून येणाऱ्यांना आधीच सांगा, त्याने कादंबरीचं फक्त नाव घेतलंय, गोष्ट वेगळी आहे, नाहीतर त्यातला राक्षस हस्तर कुठे ते विचारत बसतील.) फक्त लेखक हयात असेल तर त्याच्या गाववाल्यांच्या घरासमोर उभं राहून ‘हेच ते पात्र’ असलं काही करू नका, भांडणं लागतात.

पहिली कादंबरी पंचवीस वर्षं बाजारात नाही. पीडीएफ करून ग्रुपवर टाकली तर चालेल? (एक वाचक, सावंतवाडी)

नाही चालणार. आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो, पुस्तक बाजारात नसलं म्हणून हक्क संपत नाही. पण लेखक हयात आहेत हाच तर फायदा आहे, त्यांच्याकडे जाऊन प्रकाशकाशी झालेला करार बघायला मागा. हक्क दिल्याची मुदत त्यात लिहिलेलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि तसं असेल तर हक्क परत लेखकाकडे आलेले असू शकतात. करार वकिलाला दाखवा, लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि मग पीडीएफ कशाला, सरळ नवी आवृत्तीच काढा, चुका सुधारून. सत्काराचे पैसे तिकडे वळवता आले तर बघा.

मंडळाच्या रजिस्ट्रेशनवर पण बऱ्याच जणांनी विचारलंय. सात सभासद लागतात, कागद धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जातात. पण पहिलं वर्ष नुसतं काम करा, यादी पन्नास पानांची झाली नि तरीही भांडण न होता माणसं टिकली तर रजिस्टर करा.