‘आसेर्व्ही’ म्हणजे स्लेव्ह नव्हे

प्रश्न: सुटे भाग जोडणाऱ्या रोबोच्या फ्रेंच माहितीपुस्तिकेचं इंग्रजी करतो आहे. ‘आक्स आसेर्व्ही’ला ‘स्लेव्ह ॲक्सिस’ म्हणावं का? आणि ‘व्हेरँ’ म्हणजे जॅकच ना?

‘स्लेव्ह’ अजिबात म्हणू नका. हा ‘स्लेव्ह’ इतक्या ठिकाणी दिसतो की आता तो वाचला की डोकं फिरतं. अक्ष म्हणजे रोबोचा एकेक हलणारा सांधा. आसेर्व्ही अक्ष म्हणजे ज्याची जागा एन्कोडर हे मापक सतत मोजत असतं आणि हुकमात नि प्रत्यक्षात पडलेली तफावत कंट्रोलर लगोलग भरून काढतो, तो. इंग्रजीत सरळ ‘सर्वो ॲक्सिस’. दुसऱ्या अक्षाच्या मागोमाग चालणारा जो स्लेव्ह, त्याला फ्रेंचमध्ये ‘आक्स एस्क्लाव्ह’ असा वेगळा शब्द आहे. सहा अक्षांच्या रोबोचे सहाही अक्ष आसेर्व्ही असतात. तुमच्या भाषांतरात सगळेच गुलाम होतील आणि यांना मागे चालवणारा मास्टर अक्ष कुठे आहे ते मेंटेनन्सवाला शोधत बसेल.

गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘सर्वो’ आला फ्रेंचमधूनच. जहाजाचं सुकाणू वाफेच्या जोरावर, पण सुकाणूवाल्याच्या हातातल्या दांड्याबरहुकूम फिरावं, असं यंत्र जोसेफ फार्को या इंजिनिअरने केलं आणि 1873 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच ‘सर्वो-मोतर’ आणि ‘मोतर आसेर्व्ही’ शेजारी शेजारी आहेत. स्कॉटिश इंजिनिअर जॉन मॅकफार्लेन ग्रे याने ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावर असंच यंत्र 1860च्या दशकात बसवलं होतं, पण बारशाचा मान फार्कोचा. मूळ लॅटिन ‘सर्वुस’, म्हणजे दास. याचं नातं ‘सेवे’शी जोडणारे फॉरवर्ड मलाही येतात. ‘सेव्’ धातूत ‘र’ कुठून आणणार, ते एकदा सांगा आणि मग पाठवा.

खरं नातं हवं असेल तर ते ‘रोबो’त बघा. चेक लेखक कारेल चापेकने 1920च्या ‘आर. यू. आर.’ नाटकात हा शब्द आणला, सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं, आपली वेठ. (आपण ‘यंत्रमानव’ करून मोकळे झालो. मूळ शब्दात मानव औषधालाही नाही. ‘यंत्रवेठ्या’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?) रोबोतामागे जुन्या स्लाव्ह भाषांतला दासवाचक शब्द आहे, त्याच मुळातून ग्रीक ‘ऑर्फानोस’, म्हणजे पोरका, आणि त्याच कुळात संस्कृत ‘अर्भ’ बसतो. म्हणजे रोबो आणि आपलं अर्भक हे भाऊबंद!

‘अर्भ’पुढे काही कोशकार प्रश्नचिन्ह टाकतात. म्हणे, ‘लहान’ आणि ‘दास’ यांत अर्थाचा दुवा पुरेसा नाही. या मंडळींनी चहाच्या टपरीवर जाऊन ‘ए पोऱ्या’ ही हाक ऐकावी. पोर हाच शब्द पोऱ्या होऊन कपबशा उचलतो. फ्रेंच ‘गार्सों’चंही तेच: मुलगाही आणि वेटरही. ज्याला बाप नाही त्याला कामाला जुंपायचं, हा व्यवहार माणसाला व्युत्पत्तिशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ध्वनी जुळतात, अर्थ जुळतो, आणखी काय हवं? मी तरी ते प्रश्नचिन्ह खोडून टाकलं आहे.

हं, व्हेरँ, म्हणजे दांडा पुढे-मागे ढकलणारा भाग. ‘जॅक’ हा अर्थ खोटा नाही, पण तो वजन उचलणाऱ्या व्हेरँपुरता. तुमच्या यंत्रावर तो हवेवर चालत असेल तर ‘न्यूमॅटिक सिलिंडर’, विजेवर चालत असेल तर ‘इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर’. त्याच पानावर ‘फँ द कुर्स’ दिसेल. त्याचं ‘एंड ऑफ कोर्स’ करू नका, तो लिमिट स्विच आहे, म्हणजे सरकणारा भाग टोकाला पोचला की कळवणारा स्विच.