लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७७ च्या अमेरिका दौऱ्याची चाहत्यांनी केलेली रेकॉर्डिंग्ज एवढी का गाजतात? सुरुवात कुठून करावी?

मुख्य कारण म्हणजे बँडने या दौऱ्याचा अधिकृत लाइव्ह अल्बम काढलाच नाही. जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं प्रेक्षकांमुळे टिकलं आहे.

दौरा पहिल्यापासूनच विस्कटलेला होता. गायक रॉबर्ट प्लांटचा घसा बसल्याने तो उशिरा सुरू झाला, शिकागोत गिटारिस्ट जिमी पेज आजारी पडून कार्यक्रम अर्धवट थांबला. ३ जूनला टँपात पावसामुळे काही गाण्यांतच सगळं आटोपलं आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी दंगल केली. जुलैत ओकलंडला बँडच्या माणसांनी आयोजकाच्या कर्मचाऱ्याला बेदम मारलं. २६ जुलैला प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक गेला आणि उरलेले कार्यक्रम रद्द झाले. त्यानंतर ड्रमर जॉन बॉनहॅमसह हा बँड अमेरिकेत परत कधीच वाजला नाही.

सुरुवात २१ जून, लॉस एंजेलिस फोरमपासून करा. माइक मिलर्ड नावाच्या चाहत्याने व्हीलचेअरमध्ये लपवून नाकामिची कॅसेट रेकॉर्डर आत नेला आणि चांगले माइक लावून रेकॉर्डिंग केलं. पहिल्याच गाण्यात बॉनहॅमचा बेस ड्रम छातीवर आदळतो, तरी गिटार त्यात बुडत नाही. प्रेक्षकांतून केलेलं याहून सरस रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही. मग २३ जूनचं ऐका, त्यात ‘द हू’ या रॉक बँडचा ड्रमर कीथ मून मंचावर येतो. पेजची बोटं काही रात्री अडखळतात, तेही ऐकाच. दौऱ्याची खरी अवस्था तिथेच कळते.