सतराव्या पानावरची कोयरी

नागपूर,
मे महिना, दुपारचे अडीच

प्रिय पोरी,

वाचलेल्या प्रेमकथांवर तू लिहिलेली वही परवा मिळाली. मेट्रोत पुस्तक वाचता वाचता शंकर नगरला उतरायचं राहून गेलं, झाशी राणी चौकात उतरलीस आणि तिथून भर उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन परत चालत आलीस, हे ज्या पानावर आहे ते वहीतलं सगळ्यात चांगलं पान. बाकीची 32 पानंही मी दोनदा वाचली. कूलरची मोटर आज कुरकुर करते आहे, तेव्हा पत्रात मध्येच चिडचिड दिसली तर ती तिच्यामुळे, तुझ्यामुळे नाही.

वहीच्या पहिल्याच ओळीत तू माफी मागितली आहेस. "काकू, मला माहीत आहे हे काही साहित्य नाही, माझं गिल्टी प्लेझर आहे." ती ओळ मी खोडली आहे, रागावू नकोस. तुझा गुन्हा तरी काय? शेवट गोड असतो, हाच ना? रहस्यकथेत खुनी सापडणार हे आधीच ठाऊक असतं, पण ती वाचणारा कधी ओशाळलेला पाहिलास का? अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्या केली तीच मुळी दोन अटींवर: दोघांचं प्रेम कथेच्या मध्यभागी हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. शेवट असा आधीच ठरलेला, त्यामुळे लिहिणाऱ्याचं सगळं कसब मधल्या अडीचशे पानांत पणाला लागतं. ते कसब कसं ओळखायचं, हे तू विचारलं आहेस. मला ते एका गिऱ्हाइकानं शिकवलं.

1986 ते 2004 धरमपेठेत माझं वाचनालय होतं, हे तू ऐकून आहेस. पुढच्या खोलीत दिवाळी अंक आणि मराठी कादंबऱ्या, मागच्या लोखंडी कपाटात मिल्स अँड बून कंपनीच्या इंग्रजी प्रेमकथा. डिपॉझिट 50 रुपये, पुस्तकामागे दिवसाला 1 रुपया. (ती कंपनी 1908 साली लंडनमध्ये निघाली तेव्हा सगळ्याच तऱ्हेची पुस्तकं काढायची. पुढे 1930 च्या दशकात ती प्रेमकथांकडे वळली, कारण तिथल्या भाड्याच्या वाचनालयांत त्यांना मागणी होती. म्हणजे हा सगळा प्रकार माझ्यासारख्या दुकानदारणींनी पोसला. मी हे पाहुण्यांना आवर्जून सांगते.)

एक बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. इंग्रजीत एम.ए., लग्न होऊन नागपूरला आलेल्या. कार्ड सासऱ्यांच्या नावावर होतं आणि महिन्याचा हिशेब सासरे स्वतः तपासायचे. म्हणून त्यांनी नेलेल्या प्रत्येक मिल्स अँड बूनपुढे मी रजिस्टरात 'पाककृती' लिहायची. दोघींत तसं कधी ठरलं नव्हतं. पहिल्यांदा त्या काउंटरवर घुटमळल्या, मी लिहून दाखवलं, त्या हसल्या, झालं. सासरे गेले तरी 'पाककृती' तशीच चालू राहिली. वाचनालय बंद करताना डिपॉझिट घ्यायला त्यांची सून आली. रजिस्टर चाळून म्हणाली, "आई एवढी सैपाकाची पुस्तकं न्यायच्या, पण घरी कधी नवीन काही केलं नाही ना वो काकू!" मी मान खाली घालून नोटा मोजत राहिले.

हसू येतं खरं, पण ते रजिस्टर आठवलं की मला बरं वाटत नाही. त्यांच्या लपवण्याला माझं अक्षर होतं. जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून 1984 साली पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी सांगितलं, आम्ही वाचतो तेव्हा ती वेळ फक्त आमची असते, नवऱ्याची नाही, मुलांची नाही. ते वाचलं तेव्हा मला दुपारची दोन ते चारची वेळ दिसली. वाळ्याची ताटी भिजवलेली, घर झोपलेलं, आणि एक एम.ए. झालेली बाई भिंतीला टेकून 'पाककृती' वाचते आहे.

तर आता कोयरी. मिल्स अँड बूनची नावं आणि मुखपृष्ठं एकसारखी, त्यामुळे वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी जायचं. म्हणून बायका ठरावीक पानावर खूण करायच्या. कुणी टिंब, कुणी आद्याक्षर. या बाई 17 व्या पानाच्या तळाशी टिंब द्यायच्या, आणि क्वचित एखाद्या पुस्तकावर छोटी, नीट वळणाची कोयरी काढायच्या. वाचनालय गुंडाळल्यावर ते कपाट घरी आलं. एका उन्हाळ्यात मी कोयरीवाली पुस्तकं वेगळी काढली. 43 निघाली. ओळीनं वाचून काढली, कारण मला कळेना, या बाईनं निवडलं कशावर.

श्रीमंत नायक? काहींत होता, काहींत साधा गुरांचा डॉक्टर. भांडणातून प्रेम, लुटुपुटीचं लग्न, जुनं प्रेम परत भेटणं, तुम्ही आज ज्याला ट्रोप म्हणता ते सगळे त्यात होते आणि टिंबवाल्यांतही होते. पंधराएक पुस्तकं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. कोयरीवाल्या प्रत्येक पुस्तकात नायक एकदा तरी चुकतो आणि नंतर सबब न सांगता ते कबूल करतो. "मी तसं केलं. ते चुकीचं होतं." फुलांचा ताटवा नाही, विमानतळावर धावत येणं नाही. असलंच तर त्यानंतर. टिंबवाल्यांत नायक रडतात, अंगठ्या देतात, लहानपणीचं दुःख सांगतात, पण तेवढं एक वाक्य काही बोलत नाहीत.

ही कसोटी एकदा हातात आली की कुठेही लावून बघता येते. आपल्याच विदर्भाच्या मुलीला लाव. दमयंतीच्या स्वयंवरात पाच नळ बसले होते, त्यातले चार देव: इंद्र, अग्नी, वरुण, यम. तिनं खरा कसा ओळखला? देवांना घाम नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, माळा ताज्या होत्या, पाय जमिनीला टेकले नव्हते. पाचव्याची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ आणि घाम, आणि त्याची सावली पडत होती. तिनं घाम आलेल्याला माळ घातली. (नागपूरच्या मे महिन्यात देव चुटकीसरशी ओळखू येतील.) पुढे तो तिला रानात झोपलेली टाकून, तिचं अर्धं वस्त्र कापून निघून जातो. किती दिवसांनी सारथ्याच्या वेषात सापडतो तेव्हा ती दासीकडून त्याच्या हातचं मांस मागवते आणि चवीवरून नवरा ओळखते. ओळख पटायला एक रस्सा पुरतो, हे आमच्याकडे तेव्हापासून माहीत आहे. इथवर माझी कोयरी तयार होती. पण समोर आल्यावर नळ काय म्हणतो? राज्य गेलं ते माझ्यामुळे नाही, तुला टाकलं तेही माझ्यामुळे नाही, कलीनं करवलं. वर तिलाच विचारतो, तू दुसरं स्वयंवर कसं मांडलंस? महाभारतात आहे हे, वनपर्वात. त्या बाईंनी नळाला टिंबच दिलं असतं.

आता तुझी वही. 'किती गोड' हे शब्द 26 वेळा आले आहेत, मी मोजले. तुला जोडी आवडली हे मला पहिल्याच वेळी कळलं. उरलेल्या 25 जागी मला प्रसंग हवा होता. नवव्या पानावर तो तू दिलाही आहेस: ती परीक्षेच्या आदल्या रात्री काही न बोलता भांडी घासत बसते आणि तो 'काय झालं' न विचारता शेजारी उभा राहून भांडी पुसू लागतो. एवढं लिहून थांबायचं होतंस. तू पुढे 'किती गोड' लिहिलंस आणि माझ्या हातातलं ओलं ताट काढून घेतलंस.

अकराव्या पानावर मात्र मी अडले. 'तो तिचा फोन तपासतो, पण त्यात किती काळजी आहे!' हे बघ, वाचताना असल्या नायकानं काळजात धडधड झाली तर होऊ दे. कल्पनेवर पहारा बसवायला मी सांगत नाही, कपाटातले निम्मे नायक त्याच वळणाचे होते आणि मी ते सगळे वाचले आहेत. पण लिहायला बसलीस की शब्द तोलून घे. याला मराठीत 'पाळत' म्हणतात. ती जोडी तुला आवडते असं खुशाल लिही, आणि त्याच वाक्यात 'पाळत' लिही. मग बघ, तुझं तुलाच काय सुचतं ते.

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 2003 सालच्या पुस्तकात प्रेमकथेचे आठ घटक सांगितले आहेत. सगळे पाठ करू नकोस, दोन पुरेत. एक अडसर, म्हणजे दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत. आणि दुसरा तो क्षण, जिथे आता हे कधीच जमणार नाही असं वाटतं, तुम्ही ज्याला थर्ड ॲक्ट ब्रेकअप म्हणता तो. तू लिहिलं आहेस की अर्ध्या पुस्तकांत तो ब्रेकअप 'उगाच' वाटतो. बरोबर आहे तुझं. जे भांडण एका फोननं मिटलं असतं, ते अडसरातून आलेलंच नसतं. लेखिकेला पान दोनशेवर भांडण हवं होतं म्हणून ते आलेलं असतं. चांगल्या कथेत पहिल्या वीस पानांत या भांडणाची काडी दिसलेली असते. पुढचं पुस्तक संपलं की मागे जा आणि ती काडी शोध. सापडली तर पान क्रमांक लिहून ठेव. नाही सापडली तर तक्रार कर, पण शोधल्यावर.

मिरच्यांबद्दल थोडंच. पुस्तकात शृंगार किती, त्यावरून तुम्ही मैत्रिणी त्याला तीन मिरच्या, पाच मिरच्या देता हे वाचून मी आणि मोटर दोघी हसलो. सावजीच्या गावात राहून नुसतं तिखट मोजतेस? रस्सा तिखट आहे एवढंच सांगणारा माणूस जेवलेलाच नसतो. त्या रात्रीनंतर दोघांच्या बोलण्यात काय बदललं, ते लिही. काहीच बदललं नसेल तर त्या मिरच्या नुसत्या वरून भुरभुरलेल्या.

आणि तुझी शेवटच्या पानावरची हळहळ, की या जोड्या कायम न्यूयॉर्कच्या बेकरीत नाहीतर स्कॉटलंडच्या पुस्तकांच्या दुकानात भेटतात, आपल्या फुटाळा तलावावर कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही. पडतात गं, संध्याकाळी जाऊन बघ. लिहिलं कमी गेलं. पण सुरुवात आपल्याकडे झोकात झाली होती. कौंडण्यपूरची रुक्मिणी आठव, वर्धेच्या काठावरची. भागवतात तिचं पत्र आहे, सात श्लोकांचं. मला वाटायचं त्यात नुसते उसासे असतील. निघाला आराखडा. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला ने. म्हणजे महालात शिरायला नको आणि माझ्या नातेवाइकांना मारायलाही नको. दिवस, जागा, अडचण, तोड, सगळं त्या एका पत्रात आहे. तुझ्या वहीतल्या नायिका बऱ्याचदा नायकानं काहीतरी करायची वाट बघत खिडकीत उभ्या असतात. त्यांच्यासाठी हे सांगितलं.

पुढची वही मराठीतच लिही. स्लो बर्न (हळूहळू फुलणारं प्रेम), फेक डेटिंग (प्रेमाचं नाटक) हे शब्द राहू देत, त्यांनी मराठीचं काही बिघडत नाही. पण प्रसंग सांगताना घरातलं बोलणं येऊ दे. तू फोनवर मैत्रिणीला ज्या तोऱ्यात सांगतेस, "अबे तो माफी मागून राह्यला ना, अन् ही पोट्टी ऐकूनच नाही राह्यली!" तो तोरा वहीत एकदाही नाही. वहीत तू एकदम शहाण्या मुलीसारखी बसली आहेस.

रविवारी सकाळी ये, उन्हं चढायच्या आत. तर्री-पोहे आणून ठेवते. वही घेऊन जा आणि सोबत त्या 43 मधलं एक पुस्तकही ने, गुरांच्या डॉक्टरचं. 17 व्या पानावर कोयरी आहे. तुला ती जोडी पटली नाही तर शेजारी फुली मार, पेन्सिलीनं.

तुझी,
काकू

ता.क. पिशवीत लपवून नेऊ नकोस. हातात धरून ने.